टपावरचा जुना तंबू घ्यावा का?

शनिवारी सकाळी घोटीत महामार्गाच्या कडेला चहा घेत थोडा वेळ उभे राहा. मुंबईकडून येऊन भंडारदऱ्याकडे वळणाऱ्या गाड्यांत एखादी गाडी अशी दिसेल, की तिच्या टपावर काळ्या कापडात बांधलेला चौकोनी गठ्ठा आहे. पेटी म्हणावी तर कुलूप नाही, वळकटी म्हणावी तर फार मोठी. हीच गाडी संध्याकाळी धरणाच्या काठी थांबते, पट्टे सुटतात, घडी उलगडते आणि दहा-पंधरा मिनिटांत गाडीच्या डोक्यावर छोटेसे घर उभे राहते. खाली शिडी, वर गादी, खिडक्यांना मच्छरजाळी. पोराबाळांना ते पाहून वेड लागते, आणि खरे सांगायचे तर मोठ्या माणसांनाही लागते.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि शहरातल्या माणसाला इकडे यायची वाट आणखी सोपी झाली. हौसेने घेतलेले हे तंबू चार वेळा वापरले जातात, मग इमारतीच्या आवारात एक-दोन पावसाळे पडून राहतात आणि शेवटी विक्रीला निघतात. त्यांचे फोटो आपल्या तरुणांच्या मोबाइलवर येतात. निम्म्या किमतीत, 'जवळजवळ नवा'. मग घरात बोलणे सुरू होते. मुलगा म्हणतो, गाडी आहेच, तंबू टाकला की पाहुण्यांना भाड्याने देता येईल, आपणही फिरू. वडील म्हणतात, यंदा आवणीचा खर्च काय झाला ते आधी बघ. आई चुलीपाशी बसून एवढेच विचारते, "ठेवणार कुठे?"

वाचकहो, आईचा प्रश्न सर्वांत शहाणा आहे. त्याच्याकडे आपण येणारच आहोत.

मचाण आपल्याला नवे नाही

जमिनीपासून वर झोपायचे हे काही परदेशातून आलेले शहाणपण नव्हे. भुईमुगाच्या, मक्याच्या शेतात रानडुकरे येतात म्हणून आपले वाडवडील चार मेढी रोवून माळा बांधत आणि त्यावर घोंगडी टाकून राखणीला निजत. खाली ओल, विंचू-काटा, जनावर. वर वारा आणि चांदणे. टपावरचा तंबू म्हणजे चाके लावलेला माळा, इतकेच. मोटारीवर तो चढला इटलीत, १९५८ च्या सुमारास. पुढे पूर्व जर्मनीत ट्रॅबंट नावाच्या चिमुकल्या मोटारीच्या टपावरसुद्धा लोक असा तंबू बांधून सुट्टीला जाऊ लागले. आफ्रिकेच्या दक्षिण भागात आणि ऑस्ट्रेलियात, जिथे वस्ती विरळ आणि रस्ते लांबचे, तिथे तो खरा रुळला.

हे शेवटचे वाक्य नीट ध्यानात ठेवा. तो रुळला तो अशा मुलखात, जिथे दिवसभर गाडी हाकूनही रात्री गाव लागत नाही. घोटीच्या माणसाला भंडारदरा चाळीसएक किलोमीटरवर. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव त्याच कोल्हार रस्त्यावर. टाकेद, कावनई, त्र्यंबकेश्वर, सगळे सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्याजोगे. मुंबईच्या माणसाला भंडारदऱ्याला रात्र काढायला जागा हवी असते, तुम्हाला नको. तुमची बाज तुमच्या ओट्यावर आहे. तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा नाही, रात्रींचा आहे: घरापासून इतक्या लांब, की परत येता येणार नाही, अशा किती रात्री तुमचे कुटुंब वर्षातून गाडीने काढते? बोटांवर मोजा. पंढरपूर, तुळजापूर, कोकणातली एखादी फेरी. बहुतेकांची मोजणी एका हाताच्या बोटांवर संपेल.

पंढरीच्या वाटेवर निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून दिंड्या निघतात, तेव्हा सामानाच्या ट्रकात राहुट्या असतात. त्या जमिनीवर लागतात, एकेकीत दहा-पंधरा माणसे निजतात, फाटली तर दाभण-सुतळी घेऊन कोणीही शिवतो. टपावरच्या तंबूत दोन माणसे सुखाने आणि तिसरे लेकरू अडचणीत मावते. सात माणसांच्या घराने तो घेतला, तर पाच जण खालीच निजणार. त्यांची सोय काय, हे तंबू विकणारा कधी सांगत नाही.

आधी गाडी पाहा, मग तंबू

तंबू पाहायला जाण्यापूर्वी आपल्या गाडीचे माहितीपुस्तक काढा. ते सहसा सीटखाली किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत न उघडलेले पडलेले असते. त्यात टपावर किती वजन चालते तो आकडा दिलेला असतो. बहुतेक प्रवासी गाड्यांना तो ५० ते १०० किलोच्या मधला असतो. हा आकडा चालत्या गाडीचा आहे.

आता बेरीज करा. घडीचा, कापडी आवरणाचा तंबू ४५ ते ७० किलोचा. वर कडक कवच असलेला त्याहून जड, कधी ९० किलोपर्यंत. तो ज्या आडव्या दांड्यांवर बसतो त्यांचे वजन आणखी सहा-आठ किलो. समजा तुमच्या गाडीला ७५ किलोची मर्यादा आहे आणि तंबू ६० चा. दांड्या धरून झाले ६८. उरले सात किलो, आणि माणूस हौसेने घडीतच दोन गोधड्या आणि चार उशा ठेवून देतो. झाली मर्यादा पार.

कोणी विचारील, मग त्यावर दोन माणसे निजतात ती कशी? त्यांचेच दीडशे किलो झाले की! त्याचे उत्तर असे, की उभी गाडी आणि चालती गाडी यांत फरक आहे. उभ्या गाडीवरचे वजन निमूट बसलेले असते. चालत्या गाडीत तेच वजन खड्ड्यात आपटते, वळणावर बाहेर ओढते, ब्रेक लागला की पुढे झेपावते. म्हणून उभ्या गाडीचे टप पुष्कळ अधिक सोसते. तरी तोही आकडा तंबूवाल्याच्या तोंडचा न मानता, गाडीच्या कंपनीच्या सेवाकेंद्रात विचारून घ्यावा.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. आजकाल गाड्यांच्या टपावर दोन्ही कडांना रुबाबदार पट्ट्या दिसतात. आपण समजतो कॅरियरची सोय आहे. कित्येक गाड्यांवर त्या केवळ शोभेच्या असतात, भार सोसायला नव्हेत. पुस्तकात बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. अशा पट्टीला साठ किलोचा तंबू बांधून कसारा घाट उतरायचा म्हणजे कासऱ्याच्या जागी राखी बांधून बैल हाकण्यासारखे आहे.

पेंढ्याची गाडी उंच भरली की उतारावर आणि कुशीच्या रस्त्यावर कशी कलते, ते तुम्हाला सांगायला नको. टपावरच्या वजनाचे तेच. गाडीचा तोल वर सरकतो. घाटातल्या वळणावर नेहमीच्या वेगाने गेलात तर गाडी नेहमीसारखी वागणार नाही. वाऱ्याला अडथळा झाल्याने डिझेलही जास्त लागते.

पिकअपवाल्यांचा विचार वेगळा. केबिनचे टप लहान, तिथे तंबू बसत नाही. मग हौद्यावर लोखंडी सांगाडा करून त्यावर बसवायची कल्पना निघते. वेल्डिंगवाला एका दिवसात करून देतो, आणि भार सरळ चासीवर जात असल्याने तो टपापेक्षा भक्कमही होतो. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे आहे, की नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. नट-बोल्ट काढले की सुटणारा सांगाडा आणि कायमचा जोडलेला सांगाडा यांत आपला आरटीओ काय फरक मानतो, हे वेल्डिंगची ठिणगी उडण्याआधी विचारून घ्या. विमा कंपनीलाही कळवा. शिवाय ज्या हौद्यातून टोमॅटोचे क्रेट नाशिकच्या बाजार समितीत जायचे, तो हौदा सांगाड्याने अडला तर मोसमात दर आठवड्याला तो काढणार कोण? तंबूपायी पिकअप अडवून ठेवू नये, असे माझे मत आहे. पोट पिकअपवर आहे.

डांगी बैल पाहतो तसा तंबू पाहा

गाडीचे जमले, रात्रीही पुरेशा भरल्या, असे धरू. आता सौद्याला जायचे. घोटीच्या बाजारात डांगी बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवतो. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, म्हणून भर पावसात चिखलणीला तो तगतो, हे आपल्या बापजाद्यांनी हात फिरवूनच ओळखले. तंबूचीही कातडीच आधी पाहायची.

फोटोवर जाऊ नका. तंबू स्वतः जाऊन, दिवसाउजेडी, पूर्ण उघडून पाहायचा. आणि विकणाऱ्याने आधीच उघडून ठेवलेला असेल तर तो पुन्हा घडी करून आपल्या हाताने उघडायचा. बिजागऱ्या कुठे अडतात, कुठली दांडी वाकलेली आहे, हे तेव्हाच कळते. घडी करतानाही पाहा. दोन माणसांना ती घालता आली नाही, तर अंधारात, दवात, लेकरू रडत असताना तुम्हाला ती मुळीच घालता येणार नाही.

उघडल्याबरोबर डोके आत घाला आणि नाकाने श्वास घ्या. पावसाळ्यात भिजलेल्या पोत्यांच्या खोलीचा वास तुमच्या नाकाला ओळखीचा आहे. तसा वास आला तर अर्धा निकाल तिथेच लागला. मग कोपरे पाहा, छताची घडी जिथे मोडते ती रेघ पाहा, गादी उचलून तिच्याखालची फळी पाहा. काळे बारीक ठिपके म्हणजे बुरशी. चार-सहा ठिपके पातळ व्हिनेगरने पुसून उन्हात वाळवले तर बुरशी मरते, डाग मात्र राहतात. डाग राहिला तर राहो, तो काही गळत नाही. पण ठिपक्यांची नक्षीच झाली असेल तर कापडाचा धागा आतून खाल्लेला समजावा. आणि कोणी ब्लिचिंग पावडरने धुऊन पांढराधोप केलेला तंबू दाखवला, तर त्याहूनही सावध. त्या औषधाने डाग जातात आणि त्याबरोबर पाणी अडवणारा लेपही जातो.

ऊन दुसरे शत्रू. जो भाग वर्षानुवर्षे उन्हात राहिला तिथले कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून जरा ताणा. चांगले जाड सुती-पॉलिएस्टर कापड नुसते ताणते. उन्हाने खाल्लेले कापड कागदासारखे कुरकुरते, कधी तिथेच फाटते. फाटले तर विकणारा रागावेल. रागावू द्या.

पाण्याची परीक्षा घेतल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. नळी असेल तर वीस मिनिटे छतावर पाणी सोडा, नसेल तर कळशीने ओता, आणि एका माणसाने आत बसून शिवणी पाहाव्यात. कापड सहसा गळत नाही, शिवण गळते. कॅनव्हासला एक खोड असते: नवा असताना पहिल्यांदा भिजला की सुईच्या भोकांतून थोडे पाझरतो, मग धागा फुगून भोके बुजतात. पण हे नव्याचे झाले. दोन पावसाळे पाहिलेला तंबू शिवणीतून टिपकत असेल तर 'पहिल्यांदा असेच होते' हे ऐकून घेऊ नका. शिवणीला लावायचा लेप बाजारात मिळतो. एखाददुसऱ्या जागेला तो लावून भागते, सगळ्या शिवणींना लावायची वेळ आली तर ते डागडुजीचे काम नव्हे.

जाता जाता एक गैरसमज. तंबूच्या कागदावर कापडाची ताकद मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, २०००, ३००० वगैरे. इगतपुरीला वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, मग दोन हजारांचा तंबू निम्म्या पावसाळ्यात फुटणार, असा हिशेब करू नका. त्या आकड्याचा अर्थ निराळा. कापडावर दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, म्हणजे २०००. आपल्या सरळ पावसाला तेवढे पुष्कळ झाले. प्रश्न असतो तो आडव्या पावसाचा, घाटमाथ्यावर वारा पाणी उचलून खालून वर मारतो त्याचा. त्यापुढे कुठल्याच खिडकीची चेन पूर्ण टिकत नाही. म्हणून आषाढ-श्रावणात हा तंबू आपल्या भागात नुसता शोभेचा.

आता फळी. तंबूचा तळ दोन अर्ध्या फळ्यांचा असतो. एक टपावर बसते, दुसरी बिजागरीवर उलगडून गाडीबाहेर अधांतरी राहते, आणि त्या अधांतरी अर्ध्याला टेकू असतो शिडीचा. शिडी नुसती चढायला नाही, ती खांब आहे. म्हणून शिडीच्या कड्या, भोके, अडकणे आणि पायऱ्यांचे रिव्हेट हे बैलाच्या खुरांसारखे बारकाईने पाहा. शिडी दुसऱ्या तंबूची आणून जोडलेली असेल तर सौदा तिथेच थांबवा. तुमची गाडी विकणाऱ्याच्या गाडीपेक्षा उंच असेल तर शिडी पुरते का, तेही मोजा. फळीवर बोटांच्या पेरांनी टकटक करा. एकसारखा आवाज यावा. प्लायवूड कोपऱ्यात फुगले असेल, अंगठ्याने दाबले की दबत असेल, तर पाणी आत शिरले आहे. अॅल्युमिनियमचा तळ असेल तर लोखंडी बोल्टांभोवती पांढरी भुकटी दिसते का ते पाहा. मुंबईच्या खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीवर ती हमखास असते. थोडी असली तर घासून, बोल्ट बदलून चालते. भोक मोठे झाले असेल तर नाही.

चेन प्रत्येक, दहा-दहा वेळा. मच्छरजाळी उजेडासमोर धरून. कडक कवचाच्या तंबूला मोटारीच्या डिकीला असतात तशा आपोआप वर ढकलणाऱ्या दांड्या असतात. झाकण अर्ध्यावर सोडून पाहा, हळूहळू खाली बसू लागले तर दांड्या संपल्या. गादीचे मात्र फार मनावर घेऊ नका. पाच-सात सेंटिमीटरचा फोम घोटी-नाशिकला कुठेही कापून मिळतो, आणि दुसऱ्याच्या घामाची गादी बदललेलीच बरी.

रुपये, रात्री आणि भाडे

समजा चाळीस हजारांना तंबू पटला. नव्याची किंमत साधारण पाऊण लाखापासून दोन लाखांपर्यंत जाते, त्यामुळे चाळीस हजार ऐकून स्वस्त वाटते. त्यात आडव्या दांड्यांचे बारा हजार धरा, गादी, शिवणी आणि आवरणाचे पाच, आणि आणण्याचे तीन. झाले साठ हजार. आवणी, काढणी, लग्नसराई आणि पावसाळा वगळून वर्षाच्या आठ रात्री मिळाल्या असे उदार मनाने म्हणू. पाच वर्षांत चाळीस रात्री. रात्रीला दीड हजार रुपये पडले. पाच वर्षांनी तो वीस हजारांना विकला गेला असे धरले तरी रात्रीला हजार. एवढ्यात यात्रेच्या गावी स्वच्छ खोली मिळते, तिला न्हाणीघर असते, आणि म्हाताऱ्या आईला शिडी चढावी लागत नाही. पैसे कर्जाऊ असतील तर व्याज वेगळेच. मी तर म्हणेन, कर्ज काढून तंबू घ्यायचाच नाही. खळ्यावरची ताडपत्री फाटलेली असताना रोखीनेही घ्यायचा नाही.

"पण भाड्याने दिला तर?" हा मुलाचा मुद्दा उरतोच, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला भंडारदऱ्याकडे केवढी रीघ लागते, ते त्याने पाहिले आहे. रीघ खरी आहे. मात्र गाडीसह तंबू भाड्याने द्यायचा तर पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. शिवाय रतनवाडीकडचा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि हे अभयारण्य १९८६ पासून आहे. तिथे रात्री गाडी कुठे उभी करता येते आणि कुठे नाही, हे वनखात्याच्या नाक्यावर विचारावे लागते. काही तरुणांच्या डोक्यात सिंहस्थ आहे. २०२७ च्या सिंहस्थाची मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरातली, म्हणजे पुन्हा पाऊस. आणि गर्दीच्या दिवशी गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवरच थांबवतात, २०१५ ला हेच झाले.

यातून एक वाट मात्र निघते, आणि ती मला तंबूवाल्यांच्या वाटेपेक्षा बरी वाटते. तंबू गाडीवरच बसवला पाहिजे असे कोणी सांगितले? विहिरीजवळ, आंब्याखाली नव्हे पण आंब्याच्या सावलीच्या कडेला, चार भक्कम खांबांवर कमरेइतका मंच करा आणि त्यावर तो बसवा. गाडीची मर्यादा नाही, आरटीओ नाही, डिझेल नाही. खाली सिमेंटचा ओटा, वर पत्र्याचे छप्पर घातले की कापडाचे आयुष्यही वाढते. काढणीनंतर खळ्याची राखण होते, आणि पाहुणा आला तर त्याला शेतातली रात्र मिळते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. पाहुण्याला तंबूपेक्षा शेणाने सारवलेल्या अंगणातली भाकर, इंद्रायणीचा भात आणि स्वच्छ संडास यांचे कौतुक अधिक असते. संडास नसेल तर आधी तो बांधा, तंबूचे नंतर बघू.

ठेवणार कुठे?

आता आईचा प्रश्न. तंबू वर्षभर टपावर ठेवला तर ऊन-पाऊस त्याला खातो आणि तो गाडीचे डिझेल खातो. म्हणून काम झाले की उतरवायचा. साठ-सत्तर किलोचा हा लांबरुंद गठ्ठा उतरवायला तीन-चार माणसे लागतात, किंवा पडवीच्या तुळईला कप्पी टांगून दोघांत जमते. पण तुळई आधी तपासा. उतरवून ठेवायचा कुठे, तर साहजिकच भाताच्या पोत्यांच्या खोलीत. तिथे उंदीर असतात. फोमची गादी आणि जाळी ही उंदरांची आवडती बाळंतखोली. तेव्हा जमिनीवर न ठेवता आडव्या दांड्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, पोत्यांपासून वेगळा ठेवायचा आणि महिन्यातून एकदा उघडून वारा द्यायचा. हे काम शेवटी कोणाच्या अंगावर येते ते घरातल्या बायकांना ठाऊक आहे. ज्याला तंबू हवा आहे त्याने ते आपल्याकडे घेतो असे सर्वांसमोर कबूल करावे.

ओला तंबू घडी करायचा नाही, हा नियम कांदाचाळीइतका कडक. रात्रभर दोन माणसांच्या श्वासाचीच वाफ कापडाला आतून लागते, वर पहाटेचे दव. सकाळी घाईत घडी केली तर घरी आल्याबरोबर, दमलेले असलात तरी, उघडून वाळवायचा. ओल्या घडीला तीन दिवसांत बुरशी धरते. निजतानाही खिडकीचा वरचा भाग उघडा ठेवावा. आत शेगडी, स्टोव्ह, उदबत्ती, कासवछाप, काहीही पेटवायचे नाही. कापड पेट घेते हे दिसते, पण बंद जागेत कोळशाचा विषारी वायू झोपेतच माणूस नेतो आणि तो दिसत नाही.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, चारही चाकांना दगड लावून उभी करावी. लहान मुलाला शिडीच्या बाजूला निजवू नये. रात्री उठावे लागते अशी माणसे, गरोदर स्त्री, गुडघ्यांचा त्रास असलेले आजी-आजोबा यांना वर चढवू नये. मे-जूनमध्ये वळवाच्या ढगांत वीज कडकडू लागली तर हौस बाजूला ठेवून खाली उतरावे आणि गाडीच्या आत, काचा लावून बसावे. मोटारीचा लोखंडी डबा विजेपासून बराच बचाव करतो, टपावरचे कापड काहीच करत नाही. जोराच्या वाऱ्यातही तेच. बिबट्याच्या भीतीने काही जण तंबू घेतात. उंचीने मनाला धीर येतो, पण रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि सोबत लागतेच.

सौदा

मोबाइलवरच्या जाहिरातीला पाहण्याआधी इसार देऊ नका. 'मी बदलीच्या गावी आहे, वाहतुकीचे पैसे पाठवा, तंबू घरपोच येईल' असे सांगणारा माणूस आणि तंबू, दोन्ही सहसा अस्तित्वात नसतात. मूळ बिल मागा. त्यावर बनवणाऱ्याचे नाव असते, म्हणजे उद्या बिजागरी तुटली तर कुठे विचारायचे ते कळते. बिल नसेल तर विकणाऱ्याकडून नाव, पत्ता, तारीख, रक्कम आणि सामानाची यादी लिहून सही घ्या. यादीत शिडी, पाने, बसवायच्या पट्ट्या, नट-बोल्ट, वरचे आवरण, बुटांची पिशवीसुद्धा येऊ द्या. दोन विशेष बोल्ट हरवले म्हणून अख्खा तंबू पडून राहतो.

भाव करताना दोष मनात न ठेवता एकेक बोलून दाखवा आणि प्रत्येकाची दुरुस्ती किती पडेल ते तिथेच मांडा. आपल्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत, तसे इथे नाही; उघड हिशेब केला की शहरातला विकणारा लवकर खाली येतो, कारण त्याला आवारातली जागा मोकळी हवी असते. दिवाळीनंतर भाव चढतो, जूनच्या तोंडावर उतरतो. शिवण आणि बुरशी असे दोन्ही दोष असतील तर कितीही उतरला तरी घेऊ नका. नुसती गादी, आवरण किंवा चेनचा ओढणा गेला असेल तर तोच भाव पाडायचा मुद्दा.

आणताना तो टपावर दोरीने बांधून आणू नका. पिकअपच्या हौद्यात आडवा, खाली पेंढा किंवा जुनी पोती घालून आणा. घरी आल्यावर कोरडा दिसला तरी दोन दिवस कडक उन्हात उघडा ठेवा, आणि त्यानंतरची पहिली रात्र भंडारदऱ्याला नव्हे, आपल्याच अंगणात काढून पाहा. अंगणात मध्यरात्री उतरून घरात येता येते. कोण उतरून येते ते पाहून ठेवा. सकाळी घडी दोघांनी घाला, घड्याळ लावून.